गाव वाचवून झाल्यावर तो निघून का जातो?

गिरणाकाठचा
मंडळी, या महिन्यात आमच्या शिवारातल्या तिसऱ्या विहिरीवरची केबल कापून नेली. चोराला तांब्याचे चार पैसे मिळतात, शेतकऱ्याची मात्र पाण्याची पाळी आठ दिवस हुकते आणि कपाशी डोळ्यांदेखत मान टाकते. म्हणून आम्ही बारा जणांनी रात्रीची गस्त सुरू केली. दोघं दोन तास, मग पुढचे दोघं. ज्यांची पाळी नसते ती पोरं मोटारीच्या खोलीपुढे बसून मोबाईलवर पिक्चर बघतात. मीही बघतो.

आठ-दहा पिक्चर झाल्यावर लक्षात आलं, आपण एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बघतोय. कुठून तरी एक एकटा माणूस येतो. पूर्वी फौजेत, नाहीतर पोलिसात, नाहीतर खुद्द टोळीतच होता. झोप लागत नाही. बायको वारलेली किंवा सोडून गेलेली. हातून काहीतरी वाईट घडलेलं. चहावाल्याशी, शेजारच्या पोरीशी, म्हाताऱ्या दुकानदाराशी त्याची ओळख होते. मग हप्तेवाले येतात. अर्धा पिक्चर तो गप्प असतो, आणि एकदा उठला की शिट्ट्याच शिट्ट्या.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, त्याच्यात खोट असावीच लागते ती का? बायकापोरांचा सरळ माणूस गाव का वाचवू शकत नाही? आणि दोन, सगळं झाल्यावर तो पिशवी खांद्याला लावून निघून का जातो?

भरीत_भाकरी
थांबला तर पुढच्या निवडणुकीला लोक त्याला सरपंचकीला उभा करतील ना भो! गुंड परवडले.

रात्रपाळी
चांगला विषय काढला दादा. मी रेल्वेत, भुसावळला. रात्रपाळीनंतर झोप येत नाही तेव्हा मी हेच बघतो, म्हणून जरा लांबण लावतो.

निघून जाण्याची रीत फार जुनी आहे. १९५३ सालचा 'शेन' बघा. गोठेवाला जमीनदार छोट्या शेतकऱ्यांना हुसकावतोय, आणि एक जुना बंदूकबाज एका शेतकऱ्याकडे गडी म्हणून राहतो. बंदूक बाजूला ठेवून झाडाचा बुंधा तोडतो, कुंपण घालतो. माणूस सुटायला बघतोय, पण शेवटी बंदूक पुन्हा हातात घ्यावी लागतेच. मग तो घोड्यावर बसून जातो आणि शेतकऱ्याचा पोरगा मागून हाका मारत राहतो. जाण्याआधी तो पोराला सांगतो त्याचा मथितार्थ असा की, एकदा माणूस मारला की त्याचा डाग जात नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. ज्या हाताने गाव वाचतं तो हात गावाच्या पंगतीत वाढायला चालत नाही, असं त्या पिक्चरवाल्यांना वाटतं.

त्यानंतर वर्षभरात जपानमध्ये कुरोसावाने 'सेव्हन समुराई' काढला. साडेतीन तासांच्या आसपासचा आहे, पण एकदा बसाच. शेतकरी पिकाच्या लुटीला कंटाळतात. पैसे नाहीत, म्हणून पोटाला भात देऊन लढवय्ये आणतात. स्वतः मात्र हलकं धान्य खातात. सातांतले चार मरतात, चौघंही बंदुकीच्या गोळीने. शेवटी गाव गात-वाजवत भाताची लावणी करतं आणि उरलेले तिघं बाजूला उभे. म्होरक्या म्हणतो, आपण हरलो, जिंकले ते शेतकरी. मी शेतकऱ्याच्या घरातला आहे. ती लावणी बघताना मला त्या तिघांची दया आली आणि लावणी करणाऱ्यांचा रागही आला नाही. पाऊस झाला होता, रोप तयार होतं. ते काय करणार?

केळीचा_लोंगर
रात्रपाळी दादा, पूर्ण सहमत नाही. सगळेच जात नाहीत. डेन्झेल वॉशिंग्टनच्या 'इक्वलायझर'चा तिसरा भाग (२०२३) बघा. इटलीत समुद्राकाठचं डोंगरावरचं छोटं गाव. हा जखमी होऊन पोचतो, गावचा डॉक्टर घरी ठेवून बरा करतो. काठी टेकत हा रोज त्या पायऱ्या चढतो, चहाच्या टपरीवर बसतो, मासेवाला ओळखीचा होतो. मग कॅमोरा या तिथल्या माफिया टोळीचे गुंड दुकानदारांकडून हप्ता घेतात, घरं खाली करायला लावतात. शेवटी हा निघून जात नाही. गावाच्या गर्दीत मिसळून फुटबॉलचा विजय साजरा करतो.

पहिल्या भागात (२०१४) तो बोस्टनला हार्डवेअरच्या दुकानात कामाला असतो. रात्री झोप नाही, म्हणून हॉटेलात पुस्तक घेऊन बसतो, स्वतःची चहाची पुडी घरून आणतो. मला ती मारामारीपेक्षा ही चहाची पुडीच जास्त आवडते. ज्याचं घर मोडलंय त्याला कुठेतरी दोन तास बसायला जागा हवी असते.

कानबाईनी_लेक
माझी आजी व्हिडिओच्या जमान्यातली. गावात भाड्याने व्हिसीआर आणला की पुढच्या रांगेत बसायची. भाषा हिंदी असो, इंग्रजी असो, तिला सगळं कळायचं. पिक्चर संपला, हिरो निघाला, की तिचा ठरलेला प्रश्न : "तो गया तर गया, पन जेवीसन गया का उपाशी?"

आम्ही हसायचो. आता या धाग्यावरचा प्रश्न वाचून वाटतं, तिने बरोबर जागी बोट ठेवलं होतं.

भरीत_भाकरी
ताई, आमच्याकडे आला असता तर फौजदारी डाळ आणि भात खाल्ल्याशिवाय सोडलाच नसता. नावातच फौजदार आहे, गुंड निम्मे तिथेच पळाले असते.

तापीतीर
फौजदारी डाळीवर वेगळा धागा काढा. तिला लसणाची फोडणी कधी द्यायची यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत.

सातपुडा
मला या सगळ्यात खाज्या नाईक आठवतात. सेंधव्याच्या घाटात, मुंबई-आग्रा रस्त्यावर, ते इंग्रजांच्या नोकरीत रखवालीला होते. त्यांच्या ताब्यातला एक माणूस मेला म्हणून शिक्षा झाली, तुरुंग झाला. सुटल्यावर १८५७ मध्ये इंग्रजांनी त्यांना परत कामावर घेतलं, कारण घाट त्यांच्याशिवाय सांभाळणारा कुणी नव्हता. आणि त्याच वर्षी ते उलटले. १८५८ मध्ये आंबापाण्याला भिल्लांची इंग्रज फौजेशी मोठी लढाई झाली. पिक्चरवाल्यांना जो नायक कल्पनेने रचावा लागतो, पूर्वी पहारेकरी, मग कैदी, मग बंडखोर, तो आमच्या डोंगरात हाडामांसाचा होऊन गेला.

आणखी एक. खानदेशातल्या कितीतरी गावांत जागल्या असायचा, बहुतेक भिल्ल. रात्रभर गावाच्या शिवेवर जागायचं, चोराचा माग काढायचा. पावलावरून माणूस ओळखणारे लोक होते. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतनं गेली, तसा जागल्याही गेला. माझे पणजोबा जागले होते. ते काही बाहेरून आले नव्हते, आणि काम झालं म्हणून निघूनही गेले नाहीत. पण त्यांचं घर शिवेवर होतं, गावात नव्हतं. गिरणाकाठच्या दादांनी विचारलं ना, तो निघून का जातो. काहींना मुळात आत घेतलेलंच नसतं.

केळीचा_लोंगर
सातपुडा दादा, हे डोक्यात बसलं. आम्ही जागल्या हा शब्द नुसता म्हणीसारखा वापरतो.

मालेगावी
पूर्वीच्या खानदेश जिल्ह्यातले आम्ही, म्हणून आगाऊपणे बोलतो. आमच्याकडे यंत्रमागावर काम करणाऱ्या सडपातळ पोराने सुपरमॅन केला होता. तो पिक्चर कसा बनला यावर फैजा अहमद खान यांचा माहितीपट आहे, २००८ चा. तुम्ही ज्याला खोट म्हणता ती आमच्या हिरोत उघडी दिसते : दंड नाहीत, छाती नाही, दिवसभराच्या धुळीने खोकतोय. पण थेटरात लोक त्याच्यासाठी ज्या जीवाने ओरडले तसे अमेरिकेच्या सुपरमॅनसाठी ओरडले नसते. तो त्यांच्याच गल्लीतला होता, त्यांच्यासारखाच मागावर राबणारा.

शिवार_वाट
मी सहसा नुसता वाचतो. आज लिहितो.

१९९० च्या आसपासची गोष्ट, अमळनेरकडच्या एका गावची. आमच्या गल्लीच्या टोकाला एक माणूस राहायचा. फौजेतून आलेला, म्हणून सगळे त्याला फौजीच म्हणत. बायको माहेरी निघून गेलेली, ती परत आली नाही. प्यायचा. प्यायला की शिव्या द्यायचा, पण कुणाला हात लावलेला मला आठवत नाही. खळ्यातल्या एका खोलीत तो आणि एक म्हैस. बायका पोरांना त्याच्या दारावरून जाऊ देत नसत.

नदीतून रात्री वाळूचे ट्रॅक्टर चालायचे. गावाच्या पाण्याची विहीर नदीतच होती, आणि वाळू गेली तसं विहिरीचं पाणी खाली गेलं. सगळ्यांना कळत होतं, सगळे गप्प होते. अर्ज दिला होता, तो कुठे गेला कुणाला ठाऊक नाही. एका रात्री फौजीने आपली बाज उचलली आणि नदीच्या उताराच्या वाटेत आडवी टाकून तिच्यावर झोपला. ट्रॅक्टर आले, हॉर्न वाजवले, हा उठेना. ते माघारी गेले. सकाळी गावभर कौतुक. माझे वडील चौकात बसून हसून हसून सांगत होते.

दुसऱ्या रात्री ते जास्त माणसं घेऊन आले. त्याची आरोळी आम्हाला ऐकू येत होती, नदी घरापासून फार लांब नव्हती. त्याने नावं घेऊन हाका मारल्या. माझ्या वडिलांचंही नाव घेतलं. वडिलांनी दिवा मालवला आणि दाराला कडी घातली. मी आठवीत होतो. ती कडी पडल्याचा आवाज मला आज पस्तीस वर्षांनी लिहितानाही ऐकू येतो. शेजारच्या घराचीही पडली, मग पलीकडची.

त्याचा हात मोडला होता. महिन्याभराने त्याने म्हैस विकली आणि भाच्याकडे सुरतेला गेला. कुणी हाकललं नाही, कुणी थांबही म्हटलं नाही. ज्या दिवशी तो एसटीत बसला त्या दिवशी स्टँडवर गावातली निदान वीस माणसं होती. सगळी दुसरीकडे बघत होती. मीसुद्धा.

तुम्ही विचारलंत, तो निघून का जातो. आमचा फौजी गेला, कारण कड्या कुणाकुणाच्या पडल्या ते त्याने अंधारात मोजलं होतं.

रात्रपाळी
शिवार_वाट, वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

१९५२ चा 'हाय नून' तुम्ही बघितला नसेल तर बघा, पण एकटे बघू नका. दुपारच्या गाडीने गुंड येणार, फौजदार देवळात, दारूच्या गुत्त्यात, मित्रांच्या घरी मदत मागत फिरतो आणि एकेक जण मागे सरतो. एक मित्र तर घरात असून बायकोकडून 'घरी नाहीत' असा निरोप देववतो. शेवटी लोक बाहेर येतात तेव्हा तो छातीवरचा बिल्ला काढून धुळीत टाकतो आणि निघतो. एक शब्द बोलत नाही.

कानबाईनी_लेक
शिवार_वाट दादा, तुम्ही आठवीत होतात. एवढंच म्हणते.

धुळ्याचा_वकील
आता मी जे लिहिणार आहे त्याने काहींचा हिरमोड होईल, पण गस्तीचा विषय निघालाय म्हणून लिहिणं भाग आहे.

१ जुलै २०१८. राईनपाडा, तालुका साक्री. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षेसाठी फिरणारी, मंगळवेढ्याकडची. पोरं पळवणारी टोळी फिरते अशी अफवा मोबाईलवरून पसरलेली. आठवडी बाजाराच्या गर्दीने त्या पाचही जणांना ठेचून मारलं. मारणाऱ्यांतल्या अनेकांना त्या घटकेला आपण गाव वाचवतोय असंच वाटत होतं. मला हे पिक्चर आवडतात, पण त्यांतला एक खोटेपणा मला खटकतो : पडद्यावरचा गुंड आपल्याला आधीच दाखवलेला असतो. दिग्दर्शकाने त्याला दुकान जाळताना दाखवलंय, म्हणून हिरो चुकत नाही. शिवारात रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात जो दिसतो त्याच्याबद्दल तुम्हाला कोणी काही दाखवलेलं नसतं.

गिरणाकाठचे, तुमच्या पोरांना एवढं सांगा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे सामान्य माणसालाही धरता येतं, पण तुमच्या समोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला. संशयावर नाही. धरल्यावर विनाकारण उशीर न करता, उशिरात उशिरा सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. स्वतःचा आणि मालाचा बचाव करायचा हक्क न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पण बचावाला लागेल तेवढंच बळ. बांधून मारणं त्यात बसत नाही.

तापीतीर
वकीलसाहेब, सगळं मान्य, पण फोन केल्यावर तास-दोन तास कोणी येत नाही त्याचं काय? कायदा पाळणारा दरवेळी वावरात एकटाच उभा असतो. माझ्या केळीचे दीडशे घड एका रात्रीत कोयत्याने पाडले होते. चोरलेही नाहीत, नुसते पाडले. सकाळी त्या बागेत मी बसून रडलो. त्या क्षणी असला कुणी हिरो आला असता तर मी त्याला कलमं विचारली नसती.

धुळ्याचा_वकील
तापीतीर, तुमचा राग खरा आहे आणि तुमचं नुकसान मला कळतं, माझंही घर शेतावर चालतं. गुन्हा नोंदवला नसेल तर अजून नोंदवा, मी कागद करून देतो, पैशाचं बोलू नका. मी एवढंच म्हणतो की त्या सकाळी तुमच्या बांधावरून जो पहिला अनोळखी माणूस गेला असता, तो निर्दोष असला तरी तुमच्या त्या हिरोच्या हातून वाचला नसता.

तापीतीर
हे मात्र खरं आहे. त्या सकाळी एक मेंढपाळ गेला होता.

रात्रपाळी
वकीलसाहेबांच्या मुद्द्याला धरून एक पिक्चर सांगतो. शेवट सांगावा लागेल, ज्यांना बघायचाय त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.

क्लिंट ईस्टवूडचा 'ग्रॅन टोरिनो', २००८. कोरियाच्या लढाईतून आलेला म्हातारा, बायको नुकतीच गेलेली, पोरांशी पटत नाही, शेजारी राहणाऱ्या, आशियातून अमेरिकेत आलेल्या ह्मोंग समाजाच्या कुटुंबाला तोंडावर शिव्या देतो. त्याच कुटुंबाच्या पोराला टोळी छळते. आपण दोन तास वाट बघतो की म्हातारा बंदूक काढेल. आणि शेवटी तो टोळीच्या दारात नि:शस्त्र जातो, खिशात हात घालतो, ते गोळ्या घालतात. हातात निघतो लायटर. पण तोवर सगळी आळी दारात, खिडकीत उभी असते. साक्षीदार मिळतात, टोळी आत जाते. म्हाताऱ्याने आळीला फक्त बाहेर येऊन बघायला लावलं.

केळीचा_लोंगर दादांच्या इटलीच्या पिक्चरमध्येही चौकात गावकरी मोबाईल उगारून चित्रण करायला लागतात, तेव्हा गुंडाला त्या रात्री मागे सरावं लागतं. मला तो त्या पिक्चरचा खरा कळस वाटतो, नंतरची कापाकापी नाही.

केळीचा_लोंगर
अगदी बरोबर. आणि म्हणूनच तो तिथे राहू शकला असेल.

भरीत_भाकरी
मी सकाळपासून गमती करत होतो. शिवार_वाट यांची पोस्ट रात्री बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, त्या फौजीच्या बायकोची बाजू पण कोणीतरी लिहायला पाहिजे. दारुड्याबरोबर राहून बघा म्हणावं. ते पण खरं आहे. पिक्चरमध्ये बायको एका फोटोपुरती असते.

कानबाईनी_लेक
वहिनींना नमस्कार सांगा. हे बोलायला बाईच लागते.

गिरणाकाठचा
तीन दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा. धागा मीच काढला आणि मलाच त्यातलं एक लपवलेलं सांगायचं होतं.

आमच्या गस्तीच्या यादीत बारा नावं आहेत. तेरावं घेतलं नाही. आमच्या शिवारात एक आबा आहेत, आयुष्यभर सालदारकी केलेले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल बदलायचं, या घरून त्या घरी, असं चाळीस वर्षं. आता कोणी सालाने ठेवत नाही. बांधावरच्या झोपडीत एकटे राहतात, संध्याकाळी घेतात, रात्रभर जागे असतात. पहिली केबल गेली त्या रात्री त्यांनीच आरडाओरड केली होती. आम्ही म्हणालो, आबाला चढली असेल. यादी करताना त्यांचं नाव निघालं तेव्हा एकजण हसला, आणि मी पेन पुढे सरकवला.

शिवार_वाट, तुमची पोस्ट वाचल्यावर मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे गेलो. सकाळी ते शुद्धीत असतात, नीट बोलतात. त्यांनी नाल्याच्या वाळूत मला मोटारसायकलच्या चाकाची खूण दाखवली, कुठून येतात, कुठे थांबतात, कितीजण उतरतात. आम्ही बाराजण महिनाभर उलट्या दिशेला बसत होतो.

पोलीस पाटलांना बरोबर घेऊन ठाण्यात लेखी दिलं, वकीलसाहेबांचा मजकूर उपयोगी पडला. काठ्या सगळ्यांकडून काढून घेतल्या, फक्त बॅटऱ्या, शिट्ट्या आणि मोबाईल. शिट्टी वाजली की शिवेवरच्या सात घरांनी दिवे लावून बाहेर यायचं, हे घरोघर जाऊन बायकांसमोर ठरवलं. आबांना दहा ते बाराची पाळी दिली आहे, माझ्याबरोबर. त्यांनी अट घातली, पाळीच्या दिवशी घेणार नाही, पण बाकीच्या दिवसांचं विचारायचं नाही. मी हो म्हणालो.

शिवार_वाट
गिरणाकाठचे दादा, आबांना माझा रामराम सांगा. कोणाचा म्हणून विचारलं तर सांगा, आहे एक अमळनेरकडचा.

कानबाईनी_लेक
आन आबांचा डबा कोण नेणार?

गिरणाकाठचा
आज आमच्याकडून. कळण्याची भाकरी आणि ठेचा. उद्या पलीकडच्या मळ्यातून, परवा पोलीस पाटलांकडून. सात घरांचे सात दिवस लावून घेतलेत.